नरलांडगा, चेटकीण आणि हनुवटीवरचे केस

मागच्या महिन्यात एक कॉलेजातली मुलगी आईबरोबर दवाखान्यात आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तिच्या हातात एक जाडजूड इंग्रजी कादंबरी होती. कशावर आहे, असं विचारलं तर म्हणाली, "डॉक्टर, लव्ह स्टोरी आहे. तो नरलांडगा, ती चेटकीण. दोघं मिळून एका छोट्या गावात बेकरी चालवतात." मला हसू आलं. पण तिची तक्रार ऐकली आणि हसू थांबलं. तिच्या हनुवटीवर आणि ओठांवर दाट केस येत होते. दर चार दिवसांनी थ्रेडिंग करावं लागत होतं. आईचा प्रश्न एकच होता, "हिचं लग्न कसं व्हायचं?"

त्या दिवशी रात्री मी कपाटातली वैद्यकाच्या इतिहासाची जुनी पुस्तकं काढली. कारण नरलांडगा आणि चेटकीण या दोघांच्याही गोष्टीत केसांचा मोठा वाटा आहे, आणि एका केसाळ माणसाच्या लग्नाची खरी गोष्ट मला आठवत होती. ती तुम्हाला सांगतो.

गोष्ट सुरू होते कॅनरी बेटांपैकी तेनेरिफ या बेटावर. तिथे 1537 च्या सुमारास पेद्रो गोन्साल्वेस नावाचा मुलगा जन्मला. त्याच्या कपाळापासून गालांपर्यंत सगळा चेहरा आणि अंगही लांब, मऊ केसांनी झाकलेलं होतं. 1547 मध्ये, म्हणजे साधारण दहा वर्षांचा असताना, त्याला फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याच्या दरबारात भेट म्हणून देण्यात आलं. हो, भेट म्हणूनच. पोपट किंवा माकड द्यावं तसं. दरबाराला तो 'रानटी माणूस' वाटला होता. पण राजाने त्याला शिकवलं, लॅटिनसुद्धा शिकवलं, आणि पेद्रोचा पेत्रुस झाला. पुढे 1570 च्या दशकात त्याचं कॅथरीन नावाच्या मुलीशी लग्न झालं. लग्नाआधी तिला नवरा दाखवलाच नव्हता, अशी एक कथा सांगितली जाते. ती रंगवलेली असावी. या जोडप्यावरूनच 'ब्यूटी अँड द बीस्ट' ही गोष्ट सुचली असंही म्हणतात. ती गोष्ट 1740 मध्ये छापली गेली, आणि तिचा यांच्याशी संबंध होता याला पुरावा नाही.

पुरावा आहे तो एका चित्राचा. योरिस हुफनागेल या चित्रकाराने किड्यांच्या चित्रांचा एक अप्रतिम संग्रह केला. भुंगे, फुलपाखरं, चतुर. त्या संग्रहाच्या सुरुवातीला पेत्रुस आणि कॅथरीन आहेत. माणसाला किड्यांच्या वहीत बसवलं, यातून त्या काळाने त्याला कुठे ठेवलं होतं ते कळतं. पण चित्रात कॅथरीनने हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवलेला आहे. मी ते चित्र बराच वेळ पाहत बसलो होतो.

त्यांना अनेक मुलं झाली. काहींना वडिलांसारखेच केस होते, काहींना नव्हते. आजच्या भाषेत सांगायचं तर हा जन्मजात हायपरट्रायकोसिस, म्हणजे शरीरभर गरजेपेक्षा जास्त केस येण्याचा अतिशय दुर्मीळ जनुकीय विकार. आईवडिलांपैकी एकाकडून दोषी जनुक आलं तरी पुरतं, त्यामुळे प्रत्येक मुलाच्या वेळी शक्यता निम्मी. गोन्साल्वेस कुटुंबाचं चित्र याच्याशी नीट जुळतं. या कुटुंबाची चित्रं ऑस्ट्रियात इन्सब्रुकजवळच्या आम्ब्रास किल्ल्यात आहेत, म्हणून या विकाराच्या एका प्रकाराला 'आम्ब्रास सिंड्रोम' असंच नाव पडलं.

यांच्या मुलींपैकी अँटोनिएटा. लाव्हिनिया फोंताना या इटालियन चित्रकर्तीने 1595 च्या सुमारास तिचं चित्र काढलं. छान झगा, केसांत फुलं, चेहराभर केस, आणि हातात एक कागद. त्या कागदावर तिची माहिती लिहिलेली आहे: वडील कॅनरी बेटांवरून फ्रान्सच्या राजाकडे, तिथून पार्माच्या ड्यूककडे, आणि ती स्वतः आता एका उमराव बाईंकडे. बोलोन्याचे वैद्य उलिस्से अल्द्रोवांदी यांनी तिला तपासलं आणि नोंद करून ठेवली. त्यांचं ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर 1642 मध्ये निघालं. पुस्तकाच्या नावातच 'राक्षस' आहे.

आता याच काळात थोडं बाजूला बघा. पेत्रुस राजवाड्यात जेवत होता, त्याच सुमारास, 1574 मध्ये, पूर्वेकडच्या डोल या गावात जिल गार्निए नावाच्या एका गरीब माणसाला नरलांडगा ठरवून जिवंत जाळलं. मुलांच्या खुनांचा आरोप होता. त्याच्या अंगावर असाधारण केस होते म्हणून त्याला पकडलं नव्हतं. सैतानाकडून लेप मिळवून तो लांडगा होतो, असा आरोप होता. म्हणजे खरोखर केसाळ माणूस दरबारी झाला आणि साध्या कातडीचा माणूस लांडगा म्हणून मेला. दोघांमधला फरक वैद्यकीय नव्हताच. एकाच्या पाठीशी राजा होता.

साध्या कातडीचा लांडगा कसा, हा प्रश्न तेव्हाही लोकांना पडला होता. उत्तर तयार होतं: केस आतल्या बाजूला असतात, कातडी उलटी केली की दिसतात! 1541 मध्ये इटलीतल्या पाविया इथे एका शेतकऱ्याने असंच सांगितलं, तेव्हा तपासून बघण्यासाठी त्याचे हातपाय कापले, आणि तो मेला, अशी त्या काळच्या पुस्तकांत नोंद आहे. मला विद्यार्थी असताना ही नोंद वाचून झोप लागली नव्हती. 'मी लांडगा आहे' असं ठामपणे वाटणं हा आजार आहे, हे वैद्यांना त्याआधी हजार वर्षं माहीत होतं. सातव्या शतकातल्या पॉल ऑफ इजायना या ग्रीक वैद्याने त्याची लक्षणं लिहिली आहेत: रात्री थडग्यांत भटकणं, कोरडे डोळे, कोरडी जीभ, पायांवर जखमा. आणि उपचार लिहिले आहेत: अंघोळ, चांगलं अन्न, शिरेतून रक्त काढणं. रक्त काढणं सोडा, पण अंघोळ आणि जेवण हे जाळण्यापेक्षा किती तरी बरं. आजही असे रुग्ण असतात. 1988 मध्ये अमेरिकेत बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी आपण कुठला तरी प्राणी झालो असं वाटणारे 12 रुग्ण नोंदवले होते. बहुतेकांना स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारखे आजार होते, आणि त्यांवर औषधं आहेत.

चेटकिणीकडे येऊ. गोष्टींमधल्या चेटकिणीच्या हनुवटीवर केस असतात, हे तुम्ही पाहिलं असेल. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधल्या चेटकिणींनाही दाढी आहे. आता एखाद्या डॉक्टरला विचारा की साठीच्या बाईच्या हनुवटीवर चार राठ केस का येतात. पाळी थांबली की इस्ट्रोजेन एकदम कमी होतं, पुरुषी हॉर्मोन्स त्या मानाने कमी घटतात, आणि त्यांचा जोर जाणवतो. तुमच्या आजीला होते, आईला येतील. युरोपात चेटकीण ठरवून ज्या चाळीस ते साठ हजार माणसांना मारलं असावं असा इतिहासकारांचा अंदाज आहे, त्यात बहुसंख्य बायका होत्या, आणि त्यांत वयस्क, एकट्या बायका पुष्कळ होत्या. पकडल्यावर अनेकींचे अंगावरचे सगळे केस भादरत, सैतानाची खूण शोधायला. मग चामखीळ, तीळ, काहीही चालायचं.

याविरुद्ध जे पहिले मोठ्याने बोलले, त्यांत एक डॉक्टर होता, याचा मला आमच्या धंद्याच्या वतीने थोडा अभिमान आहे. योहान वायर, क्लीव्हच्या ड्यूकचा वैद्य. 1563 मध्ये त्याने पुस्तक लिहिलं: या म्हाताऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणी उदासीनतेच्या आजाराने पछाडलेल्या आहेत, त्यांना वैद्याकडे पाठवा. वायर सैतानावर विश्वास ठेवत होता, तो आजच्या अर्थाने विवेकवादी नव्हता. तरीही त्याचं म्हणणं अनेकांना झोंबलं. झां बोदँ या मोठ्या कायदेपंडिताने 1580 मध्ये त्याला उत्तर देणारा ग्रंथ लिहिला, आणि नरलांडगे खरे असतात हेही त्यात ठासून सांगितलं. विद्वान माणूस होता बरं का. पण 1603 मध्ये बोर्दोच्या न्यायालयापुढे झां ग्रेनिए नावाचा मुलगा आला, 'मी लांडगा होतो' असं सांगत. न्यायाधीशांनी त्याची समज कमी असल्याचं ओळखलं आणि जाळण्याऐवजी मठात ठेवलं.

एक खुलासा. 'पोर्फिरिया या आजारामुळे नरलांडग्याची कल्पना आली' असं तुम्ही फॉरवर्डमध्ये वाचलं असेल. 1964 मध्ये एका इंग्लिश डॉक्टरने तसं सुचवलं होतं. पोर्फिरियाच्या काही प्रकारांत उन्हाने कातडीला फोड येतात आणि चेहऱ्यावर लव वाढते, हे खरं. पण गार्निएसारख्यांच्या खटल्यांत ही लक्षणं नाहीत. मला ही उपपत्ती पटत नाही, आणि पोर्फिरिया असलेल्या माणसांना तिचा फुकटचा त्रास होतो.

हे सगळं युरोपातलं, म्हणून आपण सुटलो असं नाही. आपल्याकडेही डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, आणि 2013 मध्ये महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. त्यासाठी वर्षानुवर्षं झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात हत्या झाली. तेही डॉक्टरच. केसांत जट आली म्हणून मुलीला देवाला सोडण्याची प्रथाही आपलीच. जट म्हणजे विंचरणं, धुणं थांबल्याने गुंतलेले केस. कापली तर काही होत नाही, नाही कापली तर मान दुखते आणि उवा होतात.

आता त्या मुलीकडे. स्त्रीच्या ओठांवर, हनुवटीवर, छातीवर पुरुषांसारखे राठ केस येण्याला आम्ही हर्सुटिझम म्हणतो. हा पेत्रुसच्या आजारापेक्षा वेगळा आणि खूपच सामान्य. सगळ्यांत जास्त वेळा कारण असतं पीसीओएस. तिची पाळीही अनियमित होती. तपासण्यांत तेच निघालं. घाबरण्यासारखं नव्हतं. मात्र केस काही महिन्यांत झपाट्याने वाढले, आवाज जाड झाला किंवा पाळी अचानक बंद झाली, तर वाट बघू नका, लगेच दाखवा. क्वचित अंडाशयात किंवा अॅड्रिनल ग्रंथीत गाठ असते. फिट्सचं फेनिटॉइन, केस वाढवायचं मिनॉक्सिडिल यांनीही केस वाढतात. आणि गोरं होण्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असेल तर चेहऱ्यावर लव येऊ शकते. तुमच्या घरात अशी ट्यूब असेल तर मला नाव दाखवा. दाढी केल्याने केस जाड होत नाहीत, ही भीती मनातून काढा.

गोळ्यांचा परिणाम दिसायला सहा महिने लागतात, हे मी तिला आधीच सांगितलं. काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत, म्हणून लग्न ठरलं तर आधी येऊन सांगायचं. "लग्न ठरलं तर" हे ऐकून आईने माझ्याकडे बघितलं. मी मोबाइलवर हुफनागेलचं चित्र काढून दाखवलं. आई म्हणाली, "नवरा असा, आणि तरी ती किती शांत उभी आहे." मुलगी म्हणाली, "आई, कोट बघ ना त्याचा, किती भारी आहे."