पेणच्या मातीला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक कशाला?

पेण-रोह्यासारख्या तालुक्याच्या गावी बी.एस्सी. किंवा डिप्लोमा करणाऱ्या मुलांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशी काय करायचे आहे, हा प्रश्न आता प्रश्न म्हणून विचारला जात नाही. त्याचे उत्तर ठरलेले आहे आणि ते एखाद्या सिद्धान्ताच्या थाटात दिले जाते: ते यंत्र संशोधन संस्थांचे, पदवीच्या वर्गाला त्याची चित्रे पुरतात. असे म्हणणारे लोक शिक्षणाचे वैरी नाहीत. अपुऱ्या निधीत प्रयोगशाळा चालवून दमलेली, प्रामाणिक माणसे आहेत ती. म्हणून त्यांचा पूर्वपक्ष आधी पूर्ण ताकदीने मांडतो.

टेबलावर मावणाऱ्या यंत्रालाही लाखो रुपये पडतात, मोठ्या यंत्राची गोष्ट कोटीत जाते. वर दरसालचा देखभाल करार, निर्वात पंप, फिलामेंटचा खर्च. त्यात कोकणच्या पावसाळ्यातली दमट हवा आणि लपंडाव खेळणारी वीज. जिथे साध्या सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांवर बुरशी चढली आहे, तिथे आधी ती भिंगे बदला. मनू प्रकाश यांचा कागदी फोल्डस्कोप 140 पट मोठे दाखवतो आणि खिशात मावतो. तो प्रत्येक मुलाच्या हाती द्या. राहिली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपलेली चित्रे. ती हजारोंनी फुकट मिळतात. ती पडद्यावर दाखवली तर विद्यार्थ्याचे नुकसान काय?

फोल्डस्कोपबद्दलचे म्हणणे मला बिनशर्त मान्य आहे. भिंगे बदला, हेही मान्य. पण ‘आधी हे’ या म्हणण्यातून ‘ते कधीच नको’ हा निष्कर्ष निघतो कसा? फोल्डस्कोपमधून साधारण 2 मायक्रॉनपर्यंतचा तपशील दिसतो. उत्तमातला उत्तम साधा प्रकाश सूक्ष्मदर्शक घेतला तरी तो सुमारे 200 नॅनोमीटरपाशी अडतो. भिंग महाग घेतल्याने ही अडचण सुटत नाही, कारण ती प्रकाशाच्या तरंगलांबीतच आहे. 10 हजार व्होल्टने पळवलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे 0.012 नॅनोमीटर असते. बारावीला डी-ब्रॉयचे समीकरण शिकवताना हे आपण मुलांकडून घोकून घेतो. ज्या उपकरणात ते समीकरण कामाला लागते, ते मात्र ‘आपले नव्हे’ म्हणून सांगतो. याला अभ्यासक्रमाची काटकसर म्हणायचे का?

आता पेणकडेच पाहू. पेण, हमरापूर, जोहे ही गणेशमूर्तींची गावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनंतर शाडू की प्लास्टर हा वाद इथे पोटापाण्याचा झाला आहे. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते, प्लास्टरची तशीच राहते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण का? साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही भुकट्या जवळजवळ सारख्याच: पांढुरके, अस्पष्ट ठिपके. चिकणमातीचा कण मुळात 2 मायक्रॉनहून बारीक, त्याची घडण तिथे दिसणार कशी? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात हाच ठिपका उलगडतो. माती म्हणजे एकावर एक पडलेले पातळ पापुद्रे. वाळताना त्यांच्यात नवा रासायनिक बंध होत नाही. पाणी पुन्हा शिरले की पापुद्रे सुटे होतात. प्लास्टरचे तसे नाही. त्यात पाणी घातले की कॅल्शियम सल्फेटचे नवे, सुईसारखे स्फटिक वाढतात आणि एकमेकांत अडकून बसतात. 100 भाग प्लास्टरला रासायनिक क्रियेपुरते पाणी लागते जेमतेम 18.6 भाग. ओतता यावे म्हणून कारागीर त्याच्या कितीतरी पट घालतो, आणि ते जादा पाणी उडून गेल्यावर सुयांच्या मध्ये पोकळ्या उरतात. मूर्ती हलकी का, ठिसूळ का, पाण्यात महिनोन्महिने टिकते का, हे सारे त्या एका दृश्यात आहे. ज्या गावाचा उदरनिर्वाह या दोन पांढऱ्या भुकट्यांवर चालतो, त्या गावच्या मुलाने त्यांतला फरक कधीच डोळ्यांनी पाहू नये?

यावर प्रतिपक्ष म्हणेल, अहो, पण हेच चित्र पडद्यावर दाखवता येते! इथेच खरा मतभेद आहे, आणि इथेच तो पक्ष सर्वांत कच्चा आहे.

चित्र म्हणजे उत्तर, आणि यंत्रावर बसल्यावर कळते ते उत्तर कसे फसवते. एक साधा नमुना घ्या. शाडूची चिमूट कार्बनच्या चिकट पट्टीवर बसवायची, सुटी भुकटी फुंकून काढायची, नाहीतर ती निर्वात कक्षात उडते. माती वीज वाहून नेत नाही, म्हणून तिच्यावर सोन्याचा अतिपातळ थर द्यायचा. तो नीट बसला नाही तर कणांवर विद्युतभार साचतो आणि चित्रात पांढरे पट्टे ओढले जातात. कडा उजळ दिसते ती तिच्यावर प्रकाश पडला म्हणून नव्हे. तिथून दुय्यम इलेक्ट्रॉन अधिक सुटतात म्हणून. मग नमुन्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्यांचा आलेख काढायचा. त्यात ॲल्युमिनियम, सिलिकॉन, ऑक्सिजन यांच्या शेजारी सोन्याचे शिखर उभे राहते. ते मातीतले नाही, आपणच चढवलेले आहे, हे ओळखणे म्हणजे विज्ञान शिकणे. त्याहून सूक्ष्म गोष्ट प्लास्टरची. कोरडे प्लास्टर आणि घट्ट झालेले जिप्सम यांच्यातला मुख्य फरक पाण्याचा. पण या क्ष-किरण आलेखात हायड्रोजन दिसतच नाही. दोन्हीकडे कॅल्शियम, गंधक, ऑक्सिजन. म्हणजे एवढे महागडे यंत्रही एका साध्या प्रश्नाला सरळ उत्तर देऊ शकत नाही, आणि विद्यार्थ्याला स्फटिकांच्या आकारावरून किंवा दुसऱ्या चाचणीने निर्णय करावा लागतो. हे कोणत्या छायाचित्राने शिकवले? छापलेले चित्र निवडून घेतलेले असते. त्यामागची वाया गेलेली चित्रे कोणी छापत नाही. शिक्षण त्यांच्यात असते.

अभियांत्रिकीचा मुद्दा थोडक्यात मांडतो, कारण तो वादाचाही नाही. पेण तालुक्यात डोलवीला पोलाद बनते. रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. तिथे बोल्ट तुटतात, नळ्या गंजतात. तुटलेल्या पृष्ठावर बारीक खळगे दिसले तर धातू ताणला जाऊन तुटला. चकचकीत सपाट पैलू दिसले तर ठिसूळपणाने. बारीक समांतर रेषा दिसल्या तर वारंवार पडणाऱ्या ताणाने थकून. खडबडीत तुटीवर साधा सूक्ष्मदर्शक काही उपयोगाचा नाही, कारण एक उंचवटा स्पष्ट केला की शेजारचा धूसर होतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात एकाच वेळी स्पष्ट दिसणारी खोली त्याहून कितीतरी मोठी. उद्या ज्या पोराला त्या कारखान्यात अपघाताचे कारण शोधायचे आहे, त्याने हे आधी एकदा तरी पाहिलेले असावे की नसावे?

उरते एक गृहीतक, जे कोणी उघड बोलत नाही: ही पायरी आपल्या मुलांची नव्हे. त्याला इतिहासाचे उत्तर आहे. 1931 मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात माक्स क्नोल यांच्याबरोबर पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभा करणारा एर्न्स्ट रुस्का तेव्हा पंचविशीही न गाठलेला विद्यार्थी होता. नोबेल त्याला मिळाले 1986 मध्ये. केंब्रिजच्या अभियांत्रिकी विभागात चार्ल्स ओटली यांनी 1948 मध्ये पृष्ठभाग न्याहाळणाऱ्या स्कॅनिंग यंत्राचे काम हाती घेतले, ते पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांच्या हातून, एकामागून एक. बाजारात ते यंत्र 1965 मध्ये आले. दोन्ही यंत्रे घडली ती विद्यार्थ्यांच्या हातून. आणि रोह्याला पायऱ्यांची आठवण करून देणाऱ्यांनी हेही आठवावे की, ज्यांचे बालपण रोह्यात गेले त्या चिंतामणराव देशमुखांनी 1917 मध्ये त्याच केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवले होते. पायरी कोणाची, हे गावावरून ठरत नाही.

खर्चाचा आक्षेप खरा आहे, पण त्याचा रोख चुकीच्या मागणीवर आहे. प्रत्येक महाविद्यालयाला एकेक यंत्र द्या, असे कोण म्हणतो? दमट हवेत झाकून ठेवलेल्या यंत्राची धास्ती मलाही आहे. पवईला आयआयटीत सामाईक उपकरण केंद्र आहे. 2020 पासून आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवरून देशभरची उपकरणे वापरण्याची सोय आहे. पण नमुना पाठवून चित्र मागवणे म्हणजे पुन्हा चित्रच आले. म्हणून मागणी एवढीच: जिल्ह्यात एक टेबलावरचे यंत्र, वातानुकूलित खोलीत, सामाईक, लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या आवारात असो वा अन्यत्र. साध्या विजेच्या सॉकेटवर चालणारी, न मुलामा दिलेला नमुनाही कमी निर्वातात पाहू देणारी यंत्रे आज मिळतात. पेण-रोह्याच्या प्रत्येक विज्ञान विद्यार्थ्याला पदवीच्या काळात त्यावर स्वतः बसण्याचे काही ठरलेले तास, आणि त्याचे गुण प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये.

‘चालवणार कोण?’ हा शेवटचा आक्षेप. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने 1999 मध्ये बगस्कोप नावाचा उपक्रम सुरू केला. शाळेतली मुले मेलेले किडे टपालाने पाठवत आणि वर्गात बसून, संगणकावरून विद्यापीठातला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक स्वतः फिरवत. प्राथमिक शाळेतली मुलेसुद्धा. जे काम तिथे दहा वर्षांच्या मुलाला जमले, ते पेणच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला जमणार नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी त्याचे कारण द्यावे. निवाडा वाचकांनी करावा.