मेजावरच्या दोन ओळी

पापनिवेदनाच्या वेळी जी पापे आपण भरभर सांगून मोकळे होतो, त्यांत परनिंदेचा क्रमांक बराच वर लागेल. ‘लोकांविषयी वाईट बोललो’ एवढे एक वाक्य उच्चारायचे आणि पुढच्या पापाकडे वळायचे. कोणाविषयी बोललो, कोणापाशी बोललो, त्या बोलण्याचे पुढे काय झाले, याचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. वास्तविक या दुर्गुणासाठी मराठीत शब्दांची मुळीच ददात नाही. निंदा, चहाडी, चुगली, कुचाळकी, कागाळी, लावालावी, कान भरणे, काड्या घालणे. यादी वाढवावी तेवढी वाढेल. ज्या वस्तूला घरात इतकी नावे, तिची घरात ये-जा किती असेल हे निराळे सांगायला नको.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात या साध्यासुध्या पापाकडे अत्यंत गांभीर्याने पाहणारा एक थोर पुरुष होऊन गेला. संत ऑगस्टीन म्हटले की आपल्याला मानी पंथाशी, डोनेटस पंथीयांशी आणि पेलाजियसच्या अनुयायांशी त्यांनी दिलेले वैचारिक लढे आठवतात. त्या लढ्यांवर ग्रंथांमागून ग्रंथ निघाले आहेत. परंतु शेजारच्या जिभेशीही त्यांना आयुष्यभर झगडावे लागले, आणि हा झगडा आपल्या वाड्यावस्त्यांतील संसारी माणसाला अधिक ओळखीचा वाटेल असे आम्हांला वाटते.

त्याचा आरंभ त्यांच्या घरातच झाला. ऑगस्टीन यांचा जन्म ३५४ साली थगास्ते या गावी झाला. उत्तर आफ्रिकेतील हे गाव आज अल्जीरिया देशात सूक अहरास या नावाने ओळखले जाते. त्यांची आई मोनिका ख्रिस्ती, वडील पॅट्रिशियस ख्रिस्ती नव्हते. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो आयुष्याच्या अखेरीस. मोनिका सून म्हणून या घरात आली तेव्हा घरातल्या मोलकरणींनी सासूचे कान भरले. ही हकीकत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कबुलीजबाब’ या ग्रंथाच्या नवव्या खंडात सांगितली आहे. सासू चिडली, सुनेवर रुसली. मोनिकाने ना उलट उत्तर दिले, ना नवऱ्यापाशी रडगाणे गायिले. आदराने, सोशिकपणाने आणि मवाळपणाने ती वागत राहिली. कालांतराने सासूचेच डोळे उघडले आणि तिने आपण होऊन मुलाला सांगितले की आमच्या दोघींमध्ये विष कालवणाऱ्या या बायकांना शिक्षा कर. पॅट्रिशियसने त्यांना फटके मारविले. यापुढे सुनेची निंदा करून माझी मर्जी संपादू पाहील तिला हेच बक्षीस मिळेल, अशी तंबी सासूने दिली, आणि मग त्या घरात सासू-सुना गोडीगुलाबीने नांदल्या.

त्या मोलकरणी गुलाम होत्या हे वाचकाने विसरू नये. फटक्यांची ही हकीकत ऑगस्टीन सहजपणे सांगून जातात. आम्हांला ती तितक्या सहजपणे वाचवत नाही. मोनिकाने ही शिक्षा मागितली नव्हती, एवढे खरे. फटक्यांनी तोंडे बंद झाली असतील, पण सासूचे मन वळले ते त्याच्या आधी, सुनेच्या निमूट वागण्याने. शेजारच्या बायकांचेही तिच्याकडे लक्ष असे. पॅट्रिशियस तापट आहे हे गावाला ठाऊक होते. असे असूनही त्याने बायकोवर हात उगारल्याचे कधी कोणाच्या कानी आले नाही, याचे त्यांना नवल वाटे. स्वतःच्या अंगावर माराच्या खुणा असलेल्या त्या बायका नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगत, तेव्हा मोनिका त्यांनाच थट्टेच्या सुरात जीभ आवरायला सांगे. आजच्या काळात कोणा पीडित भगिनीला असा सल्ला देणे अन्यायाचे होईल, आणि येथे तरी संत मोनिकेचे अनुकरण आपल्याला करता येणार नाही.

परंतु तिची दुसरी एक सवय मात्र सोन्याने मढवून ठेवावी अशी आहे. दोन माणसांचे भांडण झाले की दोन्ही बाजूंची माणसे तिच्यापाशी येऊन मनातली आग ओकत. तिने एकीचे कडू शब्द दुसरीच्या कानावर कधी घातले नाहीत. दिलजमाईला उपयोगी पडेल तेवढेच ती पोहोचवी, बाकीचे गिळून टाकी. ऑगस्टीन लिहितात, हा गुण मला किरकोळ वाटला असता. पण रागावलेल्या माणसाचे बोल त्याच्या रागावलेल्या वैऱ्यापर्यंत नेणारी, एवढेच नव्हे तर न बोललेलेही पदरचे घालून सांगणारी अगणित माणसे मी दुःखाने पाहिली आहेत. गावोगावचे कळलावे नारद त्यांनाही भेटले होते तर!

पुढे ३९५ च्या सुमारास ऑगस्टीन हिप्पोचे बिशप झाले. हे बंदर म्हणजे आजचे अन्नाबा शहर. तेथे ते आपल्या धर्मगुरूंसह एकाच घरात, एकाच पंगतीला जेवत. कलामाचे बिशप पोसिडियस यांचा त्यांच्याशी सुमारे चाळीस वर्षांचा स्नेह होता. त्यांनी लिहिलेल्या चरित्रात या पंगतीचे वर्णन आहे. चमचे तेवढे चांदीचे, बाकीची भांडी मातीची, लाकडाची किंवा संगमरवराची. खाण्यापिण्यापेक्षा वाचनाला आणि चर्चेला तेथे अधिक मान. द्राक्षारसाचे प्याले प्रत्येकाला ठरलेले. शपथ वाहणाऱ्याचा त्यांतला एक प्याला कमी होई. आणि जेवणाच्या मेजावर ऑगस्टीन यांनी दोन ओळी लिहवून घेतल्या होत्या. समोर नसलेल्या माणसाच्या आयुष्याचे लचके तोडण्याची ज्याला हौस आहे, त्याला येथे जागा नाही, असा त्यांचा मथितार्थ. एकदा बरोबरीच्या काही बिशपांनाच या ओळींचा विसर पडला. ऑगस्टीन यांनी त्यांना कडक शब्दांत बजावले की एकतर मेजावरच्या ओळी पुसून टाका, नाहीतर मी अर्ध्या जेवणातून उठून माझ्या खोलीत जातो. पोसिडियस म्हणतात, हा प्रसंग मी आणि त्या पंगतीतल्या इतरांनी स्वतः अनुभवला. आपल्याकडे बारशाच्या नाहीतर उत्तरकार्याच्या जेवणावळीत यजमानाने अशी धमकी दिली तर किती पाने अर्धवट राहतील, याचा विचार वाचकांनीच करावा.

पण आपल्या घरच्या पंगतीत नियम लावणे सोपे, अख्ख्या गावाच्या तोंडाला हात लावणे अवघड. पाचव्या शतकाच्या आरंभी हिप्पोच्या मठात एक प्रकरण घडले. बोनिफास नावाचा धर्मगुरू आणि स्पेस नावाचा मठवासी यांनी एकमेकांवर अशुद्ध वर्तनाचा आरोप केला. साक्षीदार कोणी नाही, पुरावा नाही. दोघांनीही इटलीतील नोला येथे संत फेलिक्स यांच्या कबरीपाशी जावे, तेथे देव सत्य उघड करील, असे ऑगस्टीन यांनी ठरविले. मिलानमध्ये संतांच्या कबरीपाशी खोटी शपथ घ्यायला गेलेल्या एका चोराला तेथेच चोरी कबूल करावी लागली होती, ही गोष्ट त्यांच्या माहितीतली होती. प्रकरण गुप्त राहावे अशी त्यांची इच्छा होती, पण भिंतीला कान असतात. बातमी फुटली, गावात कुजबूज सुरू झाली आणि बोनिफासचे नाव धर्मगुरूंच्या यादीतून काढा असा आग्रह होऊ लागला.

यावर ऑगस्टीन यांनी आपल्या लोकांना लिहिलेले पत्र आज त्यांच्या पत्रसंग्रहात ७८ व्या क्रमांकाला आहे. निवाडा होण्याआधी नाव काढणार नाही, असे त्यांनी स्पष्ट कळविले. ते पुढे लोकांच्या वर्मावर बोट ठेवतात. एखादी विवाहिता व्यभिचारिणी निघाली म्हणून तुम्ही आपापल्या बायकांना घराबाहेर काढत नाही, आपल्या आयांवर संशय घेत नाही. मग एखादा धर्मगुरू वा मठवासी घसरला, किंवा घसरल्याची नुसती वदंता उठली, की सगळे तसलेच असे का म्हणता? अर्थात आपल्या मठाची त्यांनी फुशारकीही मारली नाही. मठात चांगल्या निघालेल्यांहून चांगली माणसे मला सहसा भेटली नाहीत, आणि मठात पतित झालेल्यांहून वाईटही नाहीत, हे वाक्य याच पत्रातले.

येथे एक शंका वाचकाच्या मनात येईल, आणि ती रास्त आहे. कुजबूज गप्प करण्याच्या नावाखाली खरा अपराध झाकला जाणार नाही काय? गेल्या काही दशकांत जगभरच्या ख्रिस्तसभेला या प्रश्नाने फार मोठ्या यातना दिल्या आहेत, आणि आज असे प्रकरण कबरीवरच्या शपथेवर सोडणे कोणालाही मान्य होणार नाही. ऑगस्टीन यांच्या उत्तरायुष्यातील एक प्रसंग याच संदर्भात आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

त्यांच्या घरात राहणाऱ्या कोणीही खासगी मालमत्ता ठेवायची नाही असा दंडक होता. जानुआरियस नावाचा धर्मगुरू मरण पावला तेव्हा त्याच्यापाशी पैसा निघाला. त्याने मुलगा आणि मुलगी यांना डावलून तो ख्रिस्तसभेच्या नावे केला होता. ऑगस्टीन यांनी तो वारसा नाकारला. झाले! लोक म्हणू लागले, बिशप आलेले दान परत करतात, म्हणूनच हिप्पोच्या ख्रिस्तमंदिराला कोणी काही देत नाही. घेतले असते तर लोभी ठरले असते. शिवाय आता इतर धर्मगुरूंच्या गाठीला काय आहे, यावरही तर्क लढू लागले.

सत्तरी ओलांडलेल्या ऑगस्टीन यांनी ४२५ च्या अखेरीस लोकांना मुद्दाम एकत्र बोलावून हा सारा प्रकार सांगितला, आणि धर्मगुरूंना आपापले व्यवहार मिटविण्यासाठी प्रकटीकरणाच्या सणापर्यंत मुदत दिली. ४२६ च्या आरंभी ते पुन्हा उभे राहिले. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या सामायिक जीवनाचा उतारा लाझारस या डीकनने वाचला. मग ऑगस्टीन यांनी पुस्तक आपल्या हाती घेऊन तोच उतारा पुन्हा वाचला. त्यानंतर एकेका माणसाचे नाव घेऊन त्यांनी हिशेब मांडला. दृष्टी गेलेल्या सेवेरस या डीकनने आई आणि बहिणीसाठी घर घेतले होते, ते भाविकांच्या देणग्यांतून. बार्नबस या धर्मगुरूने एलेउसिनसकडून मळा विकत घेतल्याची बोलवा होती. ती खोटी, मळा एलेउसिनसने मठाला दान दिला, आणि त्याचा साक्षी मी स्वतः आहे. लेपोरियसच्या हातून पैसा गेला तो परक्यांसाठी धर्मशाळा बांधण्यात.

हेराक्लियस हा तरुण डीकन पैसेवाला म्हणून लोकांच्या नजरेत होता. त्याचाही खुलासा झाला. त्याने आपली रक्कम ऑगस्टीन यांच्या हाती देऊ केली होती. त्यांनी ती न घेता तिची जमीन घ्यायला लावली आणि ती जमीन त्याने ख्रिस्तसभेला दिली. कारण मुलगा वयाने लहान होता. बिशपने माझ्या पोराला नादी लावून कंगाल केले असे उद्या त्याची आई म्हणाली, तर जमीन जशीच्या तशी परत करता यावी म्हणून ही तजवीज. त्याच वर्षाच्या सप्टेंबर महिन्यात, भरलेल्या ख्रिस्तमंदिरात, ऑगस्टीन यांनी आपला उत्तराधिकारी म्हणून नाव घेतले ते या हेराक्लियसचे.