रुळाची खाच

ट्रामचा इतिहास म्हटला की आधी घोडे, मग वीज, एवढंच आपण वाचतो. मला मात्र नवल वाटतं ते तिच्या रुळाचं. भररस्त्यात रूळ घालायचा, आणि तो वर राहिला तर बग्ग्या अडखळणार. रस्त्याशी सपाट बसवला तर चाकाच्या कडेसाठी खाच हवी, आणि खाच आली की तिच्यात माती, खडी, घोड्यांची लीद भरणारच. अशा भरलेल्या खाचेतून डबा ओढताना बिचारे घोडे जेरीला येत.

अमेरिकेत म्हणून पायरीचा रूळ पसंत पडला. डब्याचं चाक उंच भागावरून धावे, शेजारी खाली नुसती सपाट पट्टी. खाचच नाही, तर घाण अडकणार कुठे? जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन (आडनावही कसं जुळलं पाहा!) यांनी हा रूळ १८६० मध्ये बर्कनहेडला आणि १८६१ मध्ये लंडनला नेला. तिथे इतर गाड्यांची चाकं त्या पायरीवर आदळू लागली, ओरड झाली आणि लंडनमधले रूळ उखडावे लागले. रस्ता काही एकट्या ट्रामचा नव्हता, त्यामुळे लोकांचं चुकलं असं मला वाटत नाही.

फ्रान्सच्या अल्फोन्स लूबा यांनी १८५३ मध्येच पॅरिसला खाचेचा सपाट रूळ घालून दाखवला होता. बर्कनहेडनेही पुढे खाचेचाच रूळ घेतला. १८७० च्या ब्रिटिश कायद्याने तर रूळ रस्त्याच्या पातळीतच हवा असं ठरवून टाकलं. मग घाण काढणं आलं ट्रामवाल्यांकडे. खाच खरवडायला माणसं ठेवावी लागली, आणि सखल जागी खाचेच्या तळाशी भोकं पाडून पाणी गटारात सोडलं गेलं.