मामाचं निळं सिको आणि परत आलेली डायव्हर घड्याळं

आज आधी एक छोटं काम करा. घरात एखादं जुनं सिको घड्याळ असेल ना, बाबांचं, आजोबांचं, कपाटातल्या डब्यात बंद पडलेलं, तर ते काढा आणि उलटं धरा. मागच्या झाकणावर दोन नंबर दिसतील. एकात मधे डॅश असेल, उदाहरणार्थ ६३०९-७०४०. यातले पहिले चार आकडे म्हणजे आतलं मशीन, पुढचे चार म्हणजे केस. दुसरा आहे सिरियल नंबर. जुन्या सिकोवर त्याचा पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा, आणि दुसरा म्हणजे महिना. दशक लिहिलेलंच नसतं! ते मॉडेल कोणत्या काळात बनत होतं त्यावरून आपण ओळखायचं. वायटूकेला वर्षाचे दोन आकडे पुरले नाहीत म्हणून आमच्या धंद्यातल्या लोकांची झोप उडाली होती, आणि इथे तर एकच आकडा.

माझ्या मामाच्या घड्याळावर ६३०९-७०४० आहे आणि सिरियल २५ ने सुरू होतो. ६३०९ डायव्हर बनले १९७६ ते १९८८. म्हणजे हे मे १९८२ चं. मामा तेव्हा मस्कतला बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर होता. घड्याळ तिथेच घेतलं, म्हणून वाराच्या चकतीवर इंग्रजीसोबत अरबीही आहे. लहानपणी मला ती अक्षरं म्हणजे जादू वाटायची.

याच घड्याळावरून चार वर्षांपूर्वी मी मामाला दुखावलं. ते सांगतो, पण त्याआधी जपानला जाऊन येऊ.

१९६५. सिकोने जपानचं पहिलं डायव्हर घड्याळ काढलं, १५० मीटर खोलीचं. संग्राहक त्याला ६२ मॅस म्हणतात. आकाराने आजच्या मानाने लहानच, जेमतेम ३७-३८ मिलिमीटर. जपानच्या अंटार्क्टिका मोहिमेतल्या लोकांनी १९६६ ते १९६९ या काळात ते वापरलं, आणि तिथून या घड्याळांचं नाव झालं. मग १९६७ मध्ये ३०० मीटरचं आलं, आणि १९६८ मध्ये तेच सेकंदाला दहा ठोके देणारं मशीन घालून.

आणि त्याच वर्षी एक पत्र आलं. हिरोशिमाजवळच्या कुरे गावातल्या एका व्यावसायिक पाणबुड्याने सिकोला लिहिलं, की ३०० मीटरपेक्षा खोल, सॅच्युरेशन डायव्हिंगमध्ये तुमची घड्याळं टिकत नाहीत.

हा प्रकार काय आहे ते समजून घेण्यासारखं आहे. फार खोलवर काम करणारे पाणबुडे दिवसेंदिवस दाबाखालच्या बंद खोलीत राहतात. तिथल्या हवेत हेलियम मिसळलेला असतो. हेलियमचे अणू इतके बारीक की पाणी अडवणाऱ्या रबरातूनही ते हळूहळू घड्याळात शिरतात. वर येताना बाहेरचा दाब कमी होतो, पण आत अडकलेल्या वायूला तितक्या लवकर बाहेर पडता येत नाही. मग काच फटकन उडते. पाण्याने नाही, हवेने घड्याळ फुटतं!

स्विस कंपन्यांनी यावर झडप काढली: आत शिरलेला हेलियम बाहेर सोडायची सोय. सिकोच्या इकुओ तोकुनागा या इंजिनिअरच्या टीमने वेगळा विचार केला. हेलियम आत शिरूच द्यायचा नाही. सात वर्षं लागली. १९७५ मध्ये ६०० मीटरचं डायव्हर आलं. टायटॅनियमची केस, मागून न उघडणारी एकसंध बांधणी, इंग्रजी एलच्या आकाराचं गॅस्केट, बाहेरून धक्के झेलणारं कवच, आणि पाण्याच्या दाबाने वेटसूट आकसला तरी सैल पडू नये म्हणून घड्या असलेला पट्टा. वीस पेटंट निघाली यातून. दिसायला ते ट्यूना माशाच्या डब्यासारखं, म्हणून लोकांनी नावही ट्यूनाच ठेवलं. एखादा बग आला की आपण वरून ठिगळ लावतो का मुळाशी जातो, याचं मला यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही. (आमच्या टीममध्ये काय करतात ते विचारू नका.)

मधल्या काळात, १९७० मध्ये, ६१०५-८११० आलं, एका बाजूला फुगीर केस असलेलं. जपानी साहसवीर नाओमी उएमुराने हेच मनगटावर घालून ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंत कुत्र्यांच्या स्लेजवर एकट्याने १२,००० किलोमीटर पार केले, १९७६ मध्ये प्रवास संपवला. व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांकडेही ते दिसायचं, म्हणून १९७९ च्या 'अपोकॅलिप्स नाऊ' सिनेमात कॅप्टन विलर्डच्या हातावर तेच आहे.

सिटिझनला विसरून चालणार नाही. भारतात ज्यांनी एचएमटी वापरलं त्यांच्या मनगटावर सिटिझनचंच तंत्रज्ञान होतं. बंगळुरूचा एचएमटीचा घड्याळ कारखाना १९६१ मध्ये सिटिझनच्याच सहकार्याने सुरू झाला. त्या सिटिझनचं १९७७ चं चॅलेंज डायव्हर १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लाँग रीफ किनाऱ्यावर सापडलं. अंगभर बार्नॅकल चिकटलेले, आणि घड्याळ चालू! या बार्नॅकलना जपानीत फुजित्सुबो म्हणतात. २०२१ मध्ये कंपनीने ते घड्याळ नव्याने काढलं तेव्हा चाहत्यांमध्ये तेच नाव रूढ झालं.

आता 'नव्याने काढलं' म्हणजे काय? १९६९ च्या नाताळला सिकोनेच पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला आणलं आणि चावीच्या, ऑटोमॅटिक घड्याळांचा बाजार पार बदलला. ज्या कंपनीने जुन्या तंत्राला धक्का दिला, तीच आज जुनी रूपं परत विकते आहे. २०१७ मध्ये ६२ मॅस हुबेहूब परत आलं, एसएलए०१७ नावाने, फक्त २,००० नग, किंमत तीन हजार डॉलरच्या वर. मग दरवर्षी एकेक: २०१८ ला १९६८ चं, २०१९ ला विलर्डचं, २०२० ला तीन एकदम. सोबत स्वस्त भावंडंही आली, 'तेच रूप, पण आजच्या पद्धतीने' अशी. गंमत म्हणजे हुबेहूब म्हटलेलंही हुबेहूब नसतं. काच सफायरची, मशीन नवं, आकार दोनेक मिलिमीटरने मोठा. आणि स्वस्त भावंडांच्या तबकडीवर प्रॉस्पेक्सची फुली! ती दिसली की जुने संग्राहक कपाळावर हात मारतात. मला स्वतःला फुलीचं काही वाटत नाही.

हे सगळं वाचून मी शहाणा झालो होतो, आणि तेव्हाच मामाकडे गेलो.

संग्राहकांच्या जगात 'मुंबई स्पेशल' असा एक शब्द आहे. शिवीच म्हणा. मुंबईतून जगभर विकली गेलेली जुनी सिको, तबकडी खरवडून पुन्हा रंगवलेली, चार घड्याळांचे भाग जोडून एक केलेलं, केस घासून कडा गुळगुळीत. मामाचं घड्याळ मी हातात घेतलं तर तबकडी निळी. ६३०९-७०४० ची असायला हवी काळी. खुणांचे ठिपके थोडे वाकडे, अक्षरं जाड. मी लगेच, सगळ्यांसमोर, मामी चहा घेऊन आलेली असताना म्हणालो, "मामा, हे ओरिजिनल नाहीये. हे मुंबई स्पेशल आहे."

मामा काही बोलला नाही. घड्याळ परत घेतलं, रुमालात गुंडाळलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. त्यानंतर मी ते त्याच्या हातावर पाहिलं नाही.

माझ्या लक्षात उशिरा आलं ते हे, की त्या शब्दाच्या मागे एक साधी अडचण आहे. परदेशी घड्याळं आपल्याकडे यायची ती गल्फहून परतणाऱ्यांच्या बॅगेतून, नाहीतर चोरट्या मार्गाने. सुटे भाग कुठून येणार? तबकडीला बुरशी लागली तर नवी मागवायची सोय नव्हती. दुरुस्तीवाल्यासमोर दोनच पर्याय: गिऱ्हाइकाला 'फेकून द्या' म्हणायचं, किंवा ब्रश उचलायचा. जुनं म्हणून परदेशी ग्राहकाला फसवणारे नंतर आले, आणि ते आजही आहेत, सावध राहाच. पण ज्याने मामाचं घड्याळ रंगवलं त्याने कुणाला फसवलं नव्हतं. त्याने फक्त ते चालू ठेवलं.

गेल्या वर्षी बोनस मिळाला तेव्हा मी ६३०९ चंच नवं रूप घेतलं, २०१६ च्या सुमारास आलेलं, टर्टल म्हणतात ते. केस तशीच उशीसारखी. पण जुन्याला चावी देता येत नव्हती आणि वेळ लावताना सेकंदकाटा थांबत नव्हता. यात दोन्ही होतं. १५० च्या जागी २०० मीटर. मी काही २०० मीटर खाली जाणार नाही, पावसाळ्यात कात्रज घाटापर्यंत जाईन फार तर.

ते घेऊन मामाकडे गेलो. त्याने ते उलटसुलट पाहिलं, बेझल टकटक फिरवून बघितली, म्हणाला, "वजन तेच आहे रे." मग स्वतःच उठला आणि ड्रॉवर उघडला.

मी म्हणालो, "मामा, त्या दिवशी चुकलोच मी."

"हो, चुकलास," तो म्हणाला. घड्याळ दोनदा हलवलं, काटा सुरू झाला. मस्कतहून आल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात पाणी शिरलं होतं, त्याने सांगितलं. गिरगावात एका माडीवरचा माणूस होता, त्याने आठ दिवसांनी दिलं.

मी विचारलं, "पण निळा का सांगितलास?"

"मी कुठे सांगितला? त्याच्याकडचा काळा संपला होता."

दोन्ही घड्याळं आम्ही एकाच वेळेवर लावली. रात्री जेवून निघालो तेव्हा मामाचं दोन मिनिटं पुढे होतं, आणि ते त्याच्या मनगटावर होतं.