हाताची परीक्षा

2022 च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या सांगलीच्या घरी माझी थोरली बहीण भर दुपारी दिवाणावर पेशंट होऊन पडली होती. आम्ही तिला आपा म्हणतो. तिच्या मनगटाला कागदाची एक पट्टी चिकटवलेली, त्यावर खोटे नाव आणि खोटी जन्मतारीख. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, दाराशी उभी होती. आणि खुर्चीत मी, परीक्षक. एका हातात छापील यादी, दुसऱ्या हातात मोबाईलवरचे घड्याळ.

"मामू, आता तुम्ही मामू नाही," भाचीने बजावले. "हसायचं नाही, मान हलवायची नाही. मी चुकले तरी बोलायचं नाही. नुसती खूण करायची."

मी कविता लिहिणारा, साधा बी.ए. झालेला माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांनी माझी परीक्षा घेतली, परीक्षकाच्या खुर्चीत मी पहिल्यांदाच बसत होतो. भाची पुढे आली. तिने हात साफ केले, स्वतःचे नाव सांगितले, पेशंटचे नाव आणि जन्मतारीख विचारून ती पट्टीशी ताडून पाहिली. कशाची ॲलर्जी आहे का ते विचारले. आता काय करणार हे समजावून परवानगी मागितली. मग इंजेक्शन दिले, अर्थात आपाला नव्हे, बाजूला ठेवलेल्या संत्र्याला. मी यादीपुढे पेन्सिलीने खुणा करत गेलो.

खेळ संपल्यावर आपा उठून बसली आणि म्हणाली, "एवढं सगळं बोलत बोलत करायचं? आमच्या वेळी बोललं की मार्क जायचे."

ती सहज बोलून गेली, पण तिच्या त्या वाक्यामागे काय आहे ते मला ठाऊक होते. त्या दिवसापासून मी या परीक्षेचा इतिहास शोधू लागलो. लिहिता येते की नाही, हे कागदावर कळते. हाताला काम येते की नाही, हे कसे ठरवायचे? आणि ठरवायचे कुणी?

भाची ज्या परीक्षेची तयारी करत होती ती ब्रिटनमधली. बाहेरच्या देशात शिकलेल्या नर्सला तिथल्या नोंदवहीत नाव घालायचे असेल, तर आधी संगणकावरची परीक्षा द्यावी लागते आणि मग हाताची. 2021 च्या ऑगस्टपासून या हाताच्या परीक्षेत 10 टप्पे आले. त्यांपैकी 4 टप्प्यांत एकाच पेशंटची पाहणी करायची, काळजी आखायची, ती अमलात आणायची आणि शेवटी आढावा घ्यायचा. आणखी 4 टप्पे हातच्या कौशल्यांचे. उरलेल्या दोनांपैकी एकात संशोधनातला पुरावा वाचून सल्ला द्यायचा. आणि एक टप्पा चक्क मूल्ये आणि वागणुकीचा. याला ओस्की म्हणतात. या लहानशा नावाच्या पोटात मोठे भांडण दडलेले आहे.

आता बघा, ही कथा सुरू होते 1860 साली. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने नर्सिंगची शाळा उघडली. पहिल्या तुकडीत 15 मुली होत्या आणि शिक्षण एक वर्षाचे. या मुलींची वार्षिक परीक्षा नव्हती, पण दर महिन्याला मेट्रन बाई एक तक्ता भरत. त्याचे दोन भाग. एका भागात स्वभाव: वेळेवर येते का, शांत असते का, विश्वासाला पात्र आहे का. दुसऱ्या भागात हाताची कामे: जखमेची मलमपट्टी, जळवा लावणे, एनिमा, अंथरूण घालणे, आजाऱ्याचा स्वयंपाक, खोलीत हवा खेळती ठेवणे. प्रत्येकापुढे शेरा. म्हणजे माझ्या हातातल्या यादीची ही पणजीच म्हणायची. फरक एवढाच, की ती यादी भरणारी बाई त्या मुलीला रोज पाहत होती.

पुढे भांडण पेटले ते इथेच. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या माजी मेट्रन एथेल बेडफर्ड फेनविक यांनी 1887 साली ब्रिटिश नर्सेस असोसिएशन स्थापन केली. त्यांचे म्हणणे असे: कुणीही उठते आणि अंगात पांढरा एप्रन घालून स्वतःला नर्स म्हणवते. आजारी माणसाने कुणावर भरवसा ठेवायचा? तेव्हा ठराविक शिक्षण हवे, परीक्षा हवी आणि देशाची एक नोंदवही हवी.

याला सर्वांत मोठा विरोध केला तो खुद्द नाइटिंगेल यांनी. परीक्षेत हुशारी कळेल, पण रात्री तीन वाजता कण्हणाऱ्या माणसाजवळ ही बाई कशी वागेल ते कळेल का, ही त्यांची धास्ती. चांगली नर्स आयुष्यभर घडत राहते, एकदा नोंदवहीत नाव चढले की ते घडणे थांबेल, असे त्यांना वाटे. दोघीही रुग्णाच्या बाजूनेच बोलत होत्या आणि तरीही दोघींचे पटले नाही.

अखेर काळ फेनविकबाईंच्या बाजूने गेला. न्यूझीलंडने 1901 साली नर्सच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला. नाइटिंगेल 1910 साली वारल्या. ब्रिटनमध्ये 1919 साली कायदा झाला, 1921 साली नोंदवही उघडली आणि तिच्यात पहिले नाव लागले ते एथेल फेनविक यांचे.

आपल्याकडे मुंबईचे कामा रुग्णालय 1886 साली सुरू झाले. तिथे 1891 साली बाई काशीबाई गणपत शिकायला आल्या. प्रशिक्षण घेणारी पहिली भारतीय नर्स म्हणून नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव येते. त्या काळी परक्या माणसाच्या जखमेला हात लावणे हे घरंदाज बाईचे काम मानले जात नव्हते. काशीबाईंची खरी परीक्षा कुठल्या कागदावर झाली नसेल, ती रोज घराचा उंबरा ओलांडताना झाली असेल. 1946 साली भोर समितीने हिशेब मांडला, तेव्हा अख्ख्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे 7 हजार नर्स होत्या, म्हणजे 43 हजार माणसांमागे एक. पुढच्याच वर्षी, 1947 साली, इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. हेतू हा, की देशभर शिक्षणाचा दर्जा एकसारखा असावा.

आता आपाची गोष्ट सांगतो. 1986 साल. मी सोळा वर्षांचा. शेवटच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी तिला दुसऱ्या गावी जायचे होते आणि सोबत म्हणून अब्बांनी मला धाडले. रुग्णालयाच्या व्हरांड्यात मी जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. आत मुली एकेक चिठ्ठी उचलत होत्या. तिच्या मैत्रिणीच्या चिठ्ठीत आले ताप, नाडी आणि श्वास मोजणे. दहा मिनिटांत ती हसत बाहेर आली. आपाच्या चिठ्ठीत आले स्पंजिंग. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटचे अंग पुसून काढायचे.

पेशंट एक म्हातारी होती. आपाने पडदा ओढला, टॉवेल पिळला आणि चेहरा, हात, छाती पुसत आली. तेवढ्यात म्हातारी कापू लागली आणि रडू लागली. दोन दिवस तिला भेटायला कुणी आलेले नव्हते. आपाने काम थांबवले, तिच्या अंगावर चादर ओढली आणि तिचा हात हातात घेऊन बोलत बसली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई पडद्याआड आल्या आणि म्हणाल्या, "परीक्षा द्यायला आलीस की गप्पा मारायला?" मग आपा गडबडली. पाणी बदलायचे राहिले, पाठ पुसायची राहिली, वेळ संपली. ती नापास झाली. परतीच्या एस.टी.त डबा तसाच होता. कुणीच जेवलो नाही.

कितीतरी वर्षे मला वाटत होते, की त्या दिवशी माझ्या बहिणीवर अन्याय झाला. एकीला सोपी चिठ्ठी, दुसरीला अवघड. एकीचा पेशंट शांत, दुसरीचा रडणारा. आणि निकाल एका बाईच्या मर्जीवर.

गंमत अशी, की नेमक्या याच दुखण्यावर आपाच्या परीक्षेच्या 11 वर्षे आधीच एक औषध निघाले होते, फक्त ते आमच्यापर्यंत पोचले नव्हते. 1975 साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक लेख लिहिला. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेताना नशीब आणि परीक्षकाची लहर या दोन्हींना बाहेर कसे ठेवायचे, हा त्यांचा प्रश्न होता. उपाय साधा. मोठी परीक्षा लहान लहान टप्प्यांत वाटून टाकायची. प्रत्येक टप्प्यावर एक काम, नेमका वेळ आणि आधीच ठरवलेली यादी. वेळ संपली की सगळ्यांनी पुढच्या टप्प्यावर जायचे. प्रत्येकाला तीच कामे, तेच प्रश्न. एका टप्प्यावरचा परीक्षक रागीट निघाला, तरी निकाल त्याच्या एकट्याच्या हातात नाही. डॉक्टरांकडून ही पद्धत नर्सिंगमध्ये आली आणि जगभर पसरली. आपल्याकडच्या बी.एस्सी. नर्सिंगच्या 2021 च्या नव्या अभ्यासक्रमातही ती आली आहे.

सगळ्यांना सारखा पेशंट द्यायचा, तर खरा पेशंट देता येत नाही. म्हणून बाहुल्या आल्या. अमेरिकेत मार्था चेस नावाच्या बाई मुलांसाठी कापडी बाहुल्या बनवत. 1911 साली त्यांनी हार्टफर्डच्या नर्सिंग शाळेसाठी माणसाच्या उंचीची बाहुली बनवून दिली. मुली तिला 'मिसेस चेस' म्हणू लागल्या. तिला उचलायचे, कूस बदलायची, कपडे बदलायचे. पुढे 1960 साली नॉर्वेचे खेळणी बनवणारे आस्मुंड लार्डाल यांनी कृत्रिम श्वास शिकवण्यासाठी 'ॲन' बनवली. तिला चेहरा दिला तो पॅरिसच्या सीन नदीत बुडाल्याचे सांगितले जाते अशा एका अनामिक मुलीचा. पण बाहुली रडत नाही. ती उणीव भरून काढली हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने. 1963 साली लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी धडधाकट माणसाला पेशंटचे सोंग शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसवले. त्या हिशेबाने दिवाणावर पडलेली आमची आपा बॅरोज यांच्या घराण्यातली, आणि संत्रे मिसेस चेसच्या.

भाची त्याच वर्षी इंग्लंडला गेली. परीक्षा झाली आणि एके संध्याकाळी फोन आला. नऊ टप्पे पास, एक नापास. औषध देण्याच्या टप्प्यात तिने तक्त्यावरचा ॲलर्जीचा रकाना डोळ्यांनी पाहिला होता, पण पेशंटला विचारायचे राहिले. "मामू, मला दिसलं होतं हो," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "फक्त तोंडाने विचारलं नाही."

मला हसावे की रडावे कळेना. आई बोलली म्हणून नापास आणि लेक बोलली नाही म्हणून. मी आपाला म्हणालो, "बघ, तुझ्यावर झाला तसाच अन्याय."

आपा म्हणाली, "नाही. तिला बरोबर नापास केलं."

मग तिने मला कधी न सांगितलेले सांगितले. नोकरीच्या पहिल्याच वर्षी वॉर्डात एका तरुण मुलाला पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले गेले. केसपेपर कोरा होता म्हणजे काही नसेल, असे सगळ्यांनी धरले. त्याला कुणी विचारलेच नव्हते. काही मिनिटांत त्याचा चेहरा सुजला, श्वास कोंडला. धावपळ करून वाचवला त्याला. "त्याची आई नंतर म्हणाली, मागेही एकदा असंच झालं होतं, पण आम्हाला कुणी विचारलंच नाही. तिला तोंडाने विचारायलाच हवं होतं, बघून भागत नाही."

थोडा वेळ गप्प बसून ती पुढे म्हणाली, "आणि माझंही ऐक. त्या म्हातारीची पाठ पुसायची राहिली, ते खरंच होतं. पडून राहिलेल्या माणसाच्या पाठीलाच जखमा होतात. त्या बाई बोलल्या ते वाईट बोलल्या, पण पाठ राहिली होती."

छत्तीस वर्षे मी बहिणीची बाजू घेऊन मनातल्या मनात भांडत होतो, आणि ती केव्हाच दुसऱ्या बाजूनेही पाहून आली होती. नाइटिंगेलबाईंची धास्ती खोटी नव्हती, मायेला मार्क देता येत नाहीत. पण फेनविकबाईंचेही खरे होते. पाठ पुसली का आणि ॲलर्जी विचारली का, हे कुणीतरी उभे राहून तपासायलाच हवे, कारण पलंगावरचा माणूस ते तपासू शकत नाही. ज्या कामासाठी आपाचे मार्क गेले, ते निदान आता यादीत आले आहे. भाचीला मी विचारले, त्या वागणुकीच्या टप्प्याचे काय झाले? "त्यात पास," ती म्हणाली. आपा तोंडाला पदर लावून हसली.

राहिलेला टप्पा भाचीने पुन्हा दिला आणि ती पास झाली. नोकरीवर रुजू झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. आपाने स्पीकर लावला, म्हणून मलाही ऐकू आले.

"अम्मी, आज एका आजीबाईंचं स्पंजिंग केलं. खूप बोलत होत्या, मीही बोलले. आणि पाठ विसरले नाही."