राष्ट्रीय सेवा योजना

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी शिक्षण चालू असतानाच स्वेच्छेने समाजसेवा करावी व तीद्वारे त्यांच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास व्हावा, या हेतूने भारत सरकारने २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू केलेली योजना. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘एनएसएस’ या नावानेही ओळखली जाते. सेवा सक्तीने घडवून आणता येते काय, हा प्रश्न या योजनेच्या इतिहासात पुनःपुन्हा उपस्थित झाला असून त्याला वेळोवेळी मिळालेल्या उत्तरांतूनच तिचे स्वरूप सिद्ध झाले आहे.

पार्श्वभूमी : सुशिक्षित वर्ग व ग्रामीण समाज यांच्यातील दुरावा कमी करण्याचा विचार भारतात स्वातंत्र्यपूर्व काळीच मांडला गेला. विद्यार्थ्यांनी सुटीचा काळ खेड्यांत घालवून ग्रामसफाई, प्रौढशिक्षण यांसारखी कामे करावीत, असा महात्मा गांधींचा आग्रह होता. स्वातंत्र्यानंतर डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८–४९) शिक्षणसंस्थांत ऐच्छिक राष्ट्रीय सेवा सुरू करण्याची शिफारस केली. केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने १९५० मध्ये तिचा विचार करून विद्यार्थ्यांनी काही काळ स्वेच्छेने शारीरिक श्रमांसाठी द्यावा, असे सुचविले. पहिल्या पंचवार्षिक योजनेत विद्यार्थ्यांच्या एक वर्षाच्या समाजसेवेची व श्रमसेवेची गरज प्रतिपादन करण्यात आली.

सक्तीचा प्रस्ताव : १९५८ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात पदवीपूर्व अट म्हणून समाजसेवेची कल्पना मांडली. तीनुसार ऑगस्ट १९५९ मध्ये चिं. द्वा. देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमण्यात आली. माध्यमिक शिक्षण पूर्ण करून महाविद्यालयात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रीय सेवा करावी, अशी या समितीची शिफारस होती. सैनिकी शिक्षण, समाजसेवा, अंगमेहनत व सामान्य शिक्षण अशी चार अंगे तीत अंतर्भूत होती. परंतु तिच्यासाठी लागणारा प्रचंड खर्च व अंमलबजावणीतील अडचणी यांमुळे ही शिफारस स्वीकारली गेली नाही. त्यानंतर १९६० मध्ये शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन यांनी अनेक देशांतील युवकसेवेचा अभ्यास करून अहवाल सादर केला. सेवा शक्यतो ऐच्छिक असावी, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शिक्षणाच्या सर्व स्तरांवर समाजसेवेला स्थान द्यावे, असे सुचविले.

दरम्यान चिनी आक्रमणानंतर १९६३ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सक्तीची करण्यात आली होती. ही सक्ती १९६८ मध्ये मागे घेण्यात आली [⟶ राष्ट्रीय छात्रसेना]. तत्पूर्वी, एप्रिल १९६७ मध्ये राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने छात्रसेनेला पर्याय म्हणून राष्ट्रीय सेवा योजना सुरू करावी, असे ठरविले होते. पुढे कुलगुरूंच्या परिषदेनेही या कल्पनेचे स्वागत केले.

आरंभ व संघटन : गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू केली. प्रारंभी तीत ४०,००० विद्यार्थी होते. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ही संख्या ३५ लाखांवर गेली. साधारणतः १०० स्वयंसेवकांचे एक एकक असून त्याची जबाबदारी कार्यक्रम अधिकारी म्हणून नेमलेल्या प्राध्यापकाकडे असते. प्रत्येक स्वयंसेवकाने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करावे व दत्तक घेतलेल्या गावातील निवासी शिबिरात भाग घ्यावा, अशी अपेक्षा असते. ही विशेष शिबिरे पूर्वी दहा दिवसांची असत, पुढे ती सात दिवसांची झाली. कोणार्कच्या सूर्यमंदिरातील रथचक्र हे योजनेचे बोधचिन्ह असून त्याचे आठ आरे दिवसाचे आठ प्रहर सुचवितात. ‘माझ्यासाठी नव्हे, तर तुमच्यासाठी’ या आशयाचे तिचे बोधवाक्य आहे. प्रारंभीची अनेक वर्षे योजनेचा खर्च केंद्र व राज्ये मिळून सोशीत, तर १ एप्रिल २०१६ पासून तो संपूर्णपणे केंद्र शासनाकडे आला.

कार्य : शिबिरांचे विषय देशापुढील तत्कालीन प्रश्नांनुसार ठरत गेले. १९७३ मध्ये ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ हा विषय होता. महाराष्ट्र त्या वेळी १९७२ च्या भीषण दुष्काळातून जात होता. पुढे अस्वच्छता व रोगराई, वनीकरण आणि ग्रामीण पुनर्रचना हे विषय घेण्यात आले. १९८६ पासून साक्षरताप्रसाराच्या व १९९१ पासून एड्सविषयक प्रबोधनाच्या देशव्यापी कार्यक्रमांत विद्यार्थी सहभागी झाले. रक्तदान, वृक्षारोपण, पल्स पोलिओ मोहीम व आपत्तिकालीन मदत ही नित्याची कामे होत. उत्कृष्ट कार्यासाठी १९९३–९४ पासून राष्ट्रीय पुरस्कार देण्यात येऊ लागले.

महाराष्ट्रात अशा श्रमशिबिरांना पोषक वातावरण आधीपासूनच होते. राष्ट्र सेवा दलाची शिबिरे आणि बाबा आमटे यांनी सोमनाथ (जि. चंद्रपूर) येथे सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी ही त्याची ठळक उदाहरणे होत. शासकीय अनुदान, हजेरी वा गुण यांपैकी कशाचाही आधार या उपक्रमांना नव्हता, हे लक्षणीय आहे.

मूल्यमापन : योजनेच्या मर्यादा मुख्यतः तिच्या कालमानातून उद्‌भवतात. शिबिराची तारीख गावाच्या गरजेपेक्षा विद्यापीठाच्या वेळापत्रकावर ठरते. महाराष्ट्रात ती बहुधा डिसेंबर–जानेवारीत येते. त्या सुमारास रब्बीच्या कामांमुळे गावकरी शेतात असतात आणि लावलेली रोपे पाण्यावाचून वाळण्याचा संभव असतो. याउलट रिकाम्या पोत्यांत माती वा वाळू भरून ओढ्यावर घातला जाणारा वनराई बंधारा हा शिबिराच्या दृष्टीने योग्य ठरला आहे. पावसाळा सरल्यावर ओढ्याला थोडे पाणी वाहते असेतोच तो घालावा लागतो, त्याला विशेष कौशल्याची गरज नसते व अडलेले पाणी गावाला लगेच दिसते. गरज, ऋतू व अकुशल हात यांचा मेळ जेथे बसला, तेथे काम टिकले. जेथे तो बसला नाही, तेथे शिबिराचा लाभ विद्यार्थ्यापुरताच राहिला. तो लाभही क्षुल्लक नव्हे. शहरी विद्यार्थ्याला खेड्यातील पाण्याची टंचाई वा जातवार वस्त्या यांचे पहिले प्रत्यक्ष दर्शन अनेकदा शिबिरातच घडते. तथापि गाव हे केवळ विद्यार्थ्याच्या शिक्षणाचे साधन ठरू नये, ही अपेक्षा त्यामुळे संपत नाही.

ऐच्छिकतेचा मूळ प्रश्नही मिटलेला नाही. सहभागाबद्दल काही विद्यापीठांनी वाढीव गुण देण्याची प्रथा पाडली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नंतर समाजसंपर्काचे विषय श्रेयांकांसह पदवी अभ्यासक्रमात आले आणि महाराष्ट्रात २०२३ पासून टप्प्याटप्प्याने त्यांची अंमलबजावणी सुरू झाली. देशमुख समितीची सक्ती खर्चाच्या कारणाने मागे पडली होती, तीच श्रेयांकांच्या रूपाने अंशतः परतली, असे म्हणता येईल. श्रेयांकांमुळे सेवेला अभ्यासक्रमात प्रतिष्ठा मिळते व केवळ हौशी विद्यार्थ्यांपुरती ती मर्यादित राहत नाही. पण गुणांसाठी केलेल्या कामाची नोंद तासांत होते, तर गावाच्या दृष्टीने त्याचे मोल बंधाऱ्यात अडलेल्या पाण्यावर व पुढील वर्षी परत येणाऱ्या विद्यार्थ्यांवर ठरते. या दोन हिशेबांची सांगड घालण्यावरच योजनेच्या बोधवाक्याची सार्थकता अवलंबून आहे.