पंगतीतून उठवलेले पाहुणे

स्वदेशीच्या चळवळीचा धडा मी वर्गात शिकवीत होतो. विलायती कापडाच्या होळीचे वर्णन ऐन रंगात आले असता मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "गुरुजी, कापडावर बहिष्कार घातला तो ठीक. पण माणसावर घातला तर? आणि तो माणूस निर्दोष असला तर?" तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटलो! प्रश्न मात्र सुटला नाही. घरी येताना मला पुरातत्त्ववेत्त्यांच्या एका गाजलेल्या भांडणाची आठवण झाली.

हे भांडण इंग्लंडातील साउदॅम्प्टनचे. प्रागैतिहासिक काळाच्या अभ्यासकांचा एक आंतरराष्ट्रीय संघ १९३१ पासून चालत आलेला. त्याचे अधिवेशन सप्टेंबर १९८६ मध्ये या बंदराच्या गावी भरायचे होते. कार्याची धुरा तेथील प्राध्यापक पीटर उको यांच्या शिरावर होती. दक्षिण आफ्रिकेत त्या वेळी वर्णभेदाचे राज्य होते. १९८५ च्या जुलैत तेथील सरकारने आणीबाणी पुकारली. तेथले पाहुणे येणार असतील तर आमचे साहाय्य विसरा, असे साउदॅम्प्टनच्या नगरपालिकेने बजावले. विद्यापीठातील प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्या संघटनाही त्याच मताच्या. अखेर चालकांनी ठरविले, की दक्षिण आफ्रिका आणि तिच्या ताब्यातील नामिबिया येथील विद्वानांना या अधिवेशनास प्रवेश नाही.

झाले! विद्वानांच्या जगात वणवा पेटला. ज्ञानाला सीमा नसतात, सरकारच्या पापाचे प्रायश्चित्त अभ्यासकाने का घ्यावे, असे एक पक्ष म्हणू लागला. दुसरा म्हणाला, जेथे बहुसंख्य प्रजेला मतही देता येत नाही, तेथील विद्यापीठांशी नित्याचा व्यवहार ठेवणे म्हणजे अन्यायाच्या पाटाखाली रांगोळी घालणे. १९८६ च्या जानेवारीत मूळ संघाने साउदॅम्प्टनची मान्यता काढून घेतली. कित्येकांनी राजीनामे दिले, अनेक अमेरिकन पंडितांनी अंग काढून घेतले. उको डगमगले नाहीत. ठरल्या महिन्यात अधिवेशन भरले, आणि त्यातूनच जागतिक पुरातत्त्व काँग्रेस नावाची नवी संस्था जन्मास आली.

पण या कथेत एक काटा आहे, आणि तो मला अजून सलतो. दक्षिण आफ्रिकेतील शाळांच्या पुस्तकांतून वर्षानुवर्षे शिकविले जाई, की गोरे आणि काळे शेतकरी या भूमीत जवळजवळ एकाच वेळी आले. तेव्हा तिच्यावर काळ्यांचा हक्क जुना नव्हे. डच लोकांनी केपला ठाणे घातले ते १६५२ साली. आणि उत्खननांत काय निघाले? लोखंड वापरणारे काळे शेतकरी तेथे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतच नांदत होते! मापुंगुब्वेच्या टेकडीवर तर तेराव्या शतकातील राजवैभव सापडले. सोन्याच्या पत्र्याने मढविलेला इवलासा गेंडासुद्धा. हे असत्य कुदळीने फोडणाऱ्यांत त्या देशातील गोरे पुरातत्त्ववेत्तेच होते. त्यांच्यापैकी कित्येक वर्णभेदाचे उघड विरोधक. आणि पंगतीतून उठविले गेले तेही त्यांच्यासह!

तरीही तो बहिष्कार व्यर्थ गेला असे मला म्हणवत नाही. नव्या संस्थेत आजवर नुसते 'अभ्यासविषय' असलेले लोक बोलू लागले. १९८९ साली अमेरिकेतील व्हर्मिलियन गावी तिने एक करार संमत केला. मृतांच्या अस्थींचा मान राखावा, त्यांच्या वंशजांची इच्छा विचारावी, शास्त्राचीही बाजू ऐकावी आणि वाटाघाटीने मार्ग काढावा, असे त्याचे सार. पेटीत पडलेला सांगाडा कुणाचा तरी पणजोबा आहे, हे पंडितांनी मान्य केले.

परीक्षा मात्र तिचीही झाली. १९९४ च्या डिसेंबरात ती आपल्या दिल्लीत भरली, तेव्हा अयोध्येच्या विषयावर चर्चाच करावयाची नाही असे ठरले. अन्यायाविरुद्ध बोलण्यासाठी जन्मलेल्या संस्थेने तोंडावर बोट ठेवावे याचा अनेकांना विषाद वाटला, आणि समारोपाच्या वेळी व्हायचा तो गोंधळ झालाच. पुढे १९९८ साली क्रोएशियातील ब्राच बेटावर त्या विषयाला वाचा फुटली.

आणि १९९९ च्या जानेवारीत या संस्थेचे चौथे अधिवेशन भरले, ते केपटाउनला! वर्णभेद संपला होता. १९९४ साली मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले होते. तेरा वर्षांपूर्वी ज्यांच्यासाठी दार लावले, त्यांच्याच अंगणात आता यजमान आणि पाहुणे एकत्र बसले.

दुसऱ्या दिवशी मी ही सारी हकीकत वर्गात सांगितली. तो मुलगा लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे गुरुजी, बहिष्कार बरोबर होता, पण त्या माणसांवर अन्यायही झाला?"

मी म्हणालो, "होय बाळ, दोन्ही खरे. आणि दार लावणाऱ्याने ते पुन्हा उघडण्याची आठवण ठेवायची असते."

या वेळी घंटा व्हायला अजून अवकाश होता.